दोन मापटी विरुद्ध भोपळा

मी एक जुना तांबडा फासा आहे, मित्रांनो. मला तोंडं सहा, पण बोलायला त्यातलं एकही उपयोगी पडत नाही, म्हणून आजवर गप्प बसलो. तुम्ही मला रोज बघता. विजयमालाबाई बेरीज शिकवताना टेबलाच्या खणातून तीन फासे काढतात, दोन पांढरे आणि एक तांबडा. त्यातला तांबडा तो मी. परवा बाईंची पाठ वळलेली बघून तुमच्यातल्या एकानं मला बोटानं हळूच पलटवलं. नाव सांगत नाही, त्याला ते ठाऊक आहे. पण तेव्हापासून मला जुनं सारं आठवतं आहे. असंच पलटवण्यावरून एकदा मोठा घोटाळा झाला होता, आणि खरं सांगतो, तो घोटाळा मला अजून पुरता उलगडलेला नाही.

माझा जन्म अमेरिकेतला. तिथल्या एका कारखान्यात तांबड्या प्लॅस्टिकचे ठोकळे कापत, घासत आणि त्यांच्यावर पांढरे ठिपके भरत. मला दोन पांढऱ्या भावांबरोबर एका खोक्यात घातलं. खोक्यात पुठ्ठ्याची कार्डं होती आणि झाकणावर लिहिलं होतं, बेसबॉल.

बेसबॉल म्हणजे काय, हा प्रश्न तुमच्या चेहऱ्यावर मला दिसतोच आहे. विटीदांडूचा परदेशी मामेभाऊ समजा. एक गडी चेंडू टाकतो, दुसरा दांडक्यानं मारतो आणि मैदानाचे कोपरे फिरून घरी परततो. घरी आला की त्याच्या बाजूची एक धाव. तीन गडी बाद झाले की डाव दुसऱ्या बाजूकडे जातो. असे आळीपाळीनं नऊ नऊ डाव.

आमच्या खोक्यातल्या खेळात मात्र कुणी पळत नाही की घाम गाळत नाही. खेळणारे दोघं मॅनेजर असतात. कुणाला आधी पाठवायचं, कुणाला बसवायचं, चेंडू टाकणारा दमला की त्याला कधी बदलायचं, ही अक्कल मॅनेजरनं चालवायची. बाकीचं काम फाशांचं. माझे एक, दोन किंवा तीन ठिपके वर आले तर मारणाऱ्याचं कार्ड बघायचं, चार, पाच किंवा सहा आले तर टाकणाऱ्याचं. मग पांढऱ्यांची बेरीज करायची, ती कार्डावर शोधायची आणि तिथं जे लिहिलं असेल ते निमूट मानायचं. आमच्या खेळाचा सगळा धर्म या निमूट मानण्यात आहे, असं मी समजत होतो.

मला विकत घेतलं रॉजर नावाच्या एका उंच, लाजाळू तरुणानं. तो कोंबड्या पाळायला शिकवण्यासाठी आपल्या जिल्ह्यात आला आणि सुप्याजवळच्या एका वाडीत सहादेवअण्णांच्या ओसरीलगतच्या खोलीत राहिला. पांढऱ्या कोंबड्यांना काय खाऊ घालावं ते तो दिवसभर सांगे, आणि लोक त्याच्याकडे कोंबड्यांपेक्षा जास्त कौतुकानं बघत. दुपारी तो अण्णांना समोर बसवून आमचा खेळ शिकवी. अण्णा प्रत्येक वाक्याला मान डोलावत. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण पाहुणा बोलतो आहे म्हटल्यावर मान डोलवायला नको? कळत होतं ते त्यांच्या मुलीला. विजयमाला उंबऱ्याच्या आत बसून ज्वारी निवडायची आणि कान बाहेर ठेवायची. एक दिवस अण्णांनी चुकीचं कार्ड उचललं, तेव्हा आतून आवाज आला, “अण्णा, टाकनाऱ्याचं बघा. तांबडा पाच पडलाय.” रॉजर इतका खूश झाला की त्यानं तिला बाहेर बोलावलं आणि त्या दिवसापासून अण्णा सुटले.

रॉजर मायदेशी गेला तेव्हा त्यानं कपडे, कंदील, सायकल सगळं वाटून टाकलं आणि खोकं विजयमालाच्या हातात दिलं. मी मनात म्हटलं, चला, आपल्याला कळणारं माणूस भेटलं. पण पोरगी शाळा संपवून संगमनेरला मास्तरकी शिकायला गेली. शिक्षण दोन वर्षांचं होतं. मी फडताळात डाळींच्या डब्यांमागे पडून राहिलो. झुरळं माझ्या ठिपक्यांवरून फिरत. कोणी धूळदेखील पुसली नाही.

पहिलं वर्ष चालू असतानाच तिचं लग्न ठरलं आणि झालं. नवरा शनिशिंगणापूरचा, नाव गोरक्ष. कबड्डीचा नावाजलेला गडी, बोलायला सरळ, पण आईच्या शब्दाबाहेर नाही. ती लग्नानंतर पुन्हा संगमनेरला गेली, वर्षाची परीक्षा दिली आणि सुटीत माहेरी आली. त्याच सुमारास अधिक महिना लागला.

आता ही गोष्ट मला अमेरिकेत कुणी सांगितली नव्हती. दर तिसऱ्या वर्षाला एक महिना जादा येतो, त्याला धोंड्याचा महिना म्हणतात, आणि त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तांब्याच्या ताटात अनारसे आणि दिवा ठेवून वाण द्यायचं. गोरक्षचा लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. घरात आठ दिवस धांदल चालली होती. साळूबाईंनी, म्हणजे विजयमालाच्या आईनं, फडताळ आवरायला काढलं आणि त्या निमित्तानं मी उजेडात आलो.

सकाळी दोघांना एका पाटावर बसवलं. ओवाळलं अण्णांच्या थोरल्या भावजयीनं, छबूकाकीनं. या घरात रीतीभातीचा शेवटचा शब्द छबूकाकीचा. त्या ज्या बाजूला पूर्व म्हणतील, सूर्यानं तिकडेच उगवावं. ओवाळून झाल्यावर त्या म्हणाल्या, “लक्ष्मी-नारायनाचा जोडा. आज ह्या दोघास्नी कुनी दुखवायचं न्हाई.” हे वाक्य ध्यानात ठेवा.

जेवणं झाली. मोठी माणसं कलंडली. विजयमाला माजघरात खोकं पुसत होती, तिथं गोरक्ष पाणी मागायला आला आणि दारातच उभा राहिला.

“आई म्हनती, आता शिकनं पुरं झालं,” तो खाली बघत म्हणाला. “आजच्या एस.टी.नं तुला घिऊन यायला सांगितलंय.”

“एकच वर्ष ऱ्हायलंय,” ती म्हणाली. “अर्धवट शिकलेल्या मास्तरनीला कुनी शाळेत उभं बी करायचं न्हाई.”

“मला कळतंय गं. पर आईला काय सांगू?”

ती मला फडक्यानं पुसू लागली. मी केव्हाच लख्ख झालो होतो, तरी पुसतच राहिली. गोरक्षनं विषय बदलावा म्हणून विचारलं, “हे काय हाय?” तिनं खेळ समजावून सांगितला. त्याचे डोळे चमकले. कबड्डीवाल्याला खेळ म्हटलं की राहवतं कुठं?

“मंग आसं करू,” तो म्हणाला. “ह्याच्यावर ठरवू. तू जिकलीस तर संगमनेरला जा, आईला मी समजावतो. मी जिकलो तर संध्याकाळी माझ्यासंगं चल. पर कुनाला सांगायचं न्हाई.”

सांगणार कोण! धोंड्याच्या दिवशी पोरीनं नारायणाशी पैज लावली, हे छबूकाकीच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. विजयमालानं क्षणभर विचार केला आणि मान हलवली. तिला खेळ येत होता, त्याला येत नव्हता. मी तर खुशीत होतो. एका पोरीचं वर्ष माझ्या सहा बाजूंवर ठरणार होतं. एवढी मोठी जबाबदारी फाशाला रोज मिळत नाही.

ओसरीवर पाट मांडला. धावा मोजायला छबूकाकीनं चिंचोक्यांचं सूप आणून ठेवलं. एक धाव, एक चिंचोका. खेळाची चाहूल लागताच सगळं घर भोवती बसलं. गोरक्षचा डाव पहिला. त्यानं फासे खुळखुळवून टाकले. माझे चार पडले, पांढऱ्यांचे सात. विजयमालानं टाकणाऱ्याचं कार्ड बघितलं आणि हसून म्हणाली, “बाद.”

“कोन बाद?” छबूकाकीनं विचारलं.

“ह्यांचा पहिला गडी.”

“म्हंजी जावईबापू बाद?” छबूकाकीनं कानांना हात लावला. “आगं, धोंड्याचा दिस हाय! जावई म्हंजी दहावा ग्रह, आन् हे तर थेट शनीच्या गावचं. त्येंना बाद करती व्हय? घराला साडेसाती लावायचीय का? फासा घरंगळला हुता. जावईबापू, पुन्यांदा टाका.”

मी घरंगळलो नव्हतो. पाटाच्या मधोमध चांगला ठाम उभा होतो. पण माझं कोण ऐकतो? गोरक्षनं संकोचून पुन्हा टाकले. या खेपेला चेंडू लांब गेला, गडी कोपऱ्यावर पोचला. सगळ्यांनी “वा जावईबापू!” केलं. जणू तो स्वतःच पळाला होता.

मग सुरू झालं ते मी साऱ्या जन्मात बघितलं नव्हतं. फासा चांगला पडला की मोजायचा आणि वाईट पडला की तो पडलाच नाही असं धरायचं. कधी मी पाटाच्या कडेला लागलो म्हणून रद्द. कधी टाकताना मांजर आडवं गेलं म्हणून रद्द. साळूबाई एकदा म्हणाल्या, “मला शिंक येनार हुती,” आणि त्या न आलेल्या शिंकेसाठी मला पुन्हा टाकलं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे अण्णा. ते माझ्याजवळ बसले होते. मी वाईट बाजूवर पडलो की ते टोपी सारखी केल्यासारखं करत हात खाली आणत आणि करंगळीनं मला हळूच पलटवत. सज्जन माणूस! कुणाच्या बांधावरचं गवतसुद्धा न घेणारा. त्यांच्या करंगळीला पाप ठाऊक नव्हतं. ती आपली जावयाचा मान राखत होती.

विजयमाला शेवटपर्यंत मॅनेजरसारखी वागली. तिनं चेंडू टाकणारा बदलला. मग दुसरा आणला, तिसरा आणला. खोक्यातले सगळे टाकणारे दमून परत बसले. छबूकाकी प्रत्येक नव्या कार्डाला विचारत, “हे कुनाचं पोरगं?” आणि त्याचं इंग्रजी नाव ऐकून म्हणत, “आसंल बापडं. पर जावयाला बाद करू नगं म्हनावं.”

चिंचोके इतके झाले की मोजता येईनात. मग साळूबाईंनी धान्य मोजायचं मापटं आणलं. अमेरिकेत धावा फळ्यावर लिहितात, मित्रांनो. इथं त्या मापट्यानं मोजल्या. एक मापटं शिगोशीग भरलं, दुसरंही भरत आलं. विजयमालाच्या बाजूला पाट कोरा होता. तिला एकदाही फासे हातात घ्यायला मिळाले नव्हते. गोरक्षचे तीन गडी बाद झाल्याशिवाय तिचा डाव येणार नव्हता, आणि त्याचा पहिलाच गडी बाद व्हायला तयार नव्हता. दोन मापटी विरुद्ध भोपळा, आणि खेळ अजून पहिल्या डावाच्या पहिल्या अर्ध्यातच!

आरंभी गोरक्षला मजा वाटली. मग त्याला संकोच वाटू लागला. मग तो गोंधळला, आणि त्याच्यापेक्षा जास्त मी गोंधळलो. इतकं जिंकूनही माणसाचं तोंड असं उतरतं का? तो फासे नुसते सोडायचा, टाकायचाच नाही. त्यानं आपले सगळ्यांत कच्चे गडी पुढं केले, तरी तेही घरी येतच राहिले. शेवटी तो म्हणाला, “मामा, हा गडी बाद झाला. म्या बघितला.”

“छ्या, छ्या!” अण्णा म्हणाले.

“मंग मी आपनहून डाव सोडतो.”

“आसं कसं? नारायनानं डाव सोडायचा न्हाई,” छबूकाकी म्हणाल्या.

“आवो, मला बाद करा की कुनीतरी!” गोरक्ष ओरडलाच. कबड्डीच्या मैदानात ज्याला धरायला चार चार गडी अंगावर पडत, तो पोरगा सासरच्या ओसरीवर मला बाद करा म्हणून विनवत होता आणि सारे त्याच्याकडे मायेनं हसत होते.

तेवढ्यात लांबून सुप्याकडचा रस्ता धुरळ्यानं भरलेला दिसला. एस.टी.ची वेळ होत आली होती. अण्णा म्हणाले, “बरं तर, जावईबापू जिकले!” सगळ्यांनी आनंदानं माना डोलावल्या. विजयमालानं पदर डोळ्यांना लावला.

“आगं, खेळच हाय की,” साळूबाई म्हणाल्या. “त्यात रडायचं काय?”

गोरक्ष उठता उठता थांबला. सरळ माणसाला खोटं जिंकणं पचत नाही. त्यानं सगळ्यांसमोर पैज सांगून टाकली. ही जिंकली तर संगमनेर, मी जिंकलो तर आजच सासर.

मित्रांनो, अण्णांचा चेहरा मी त्या वेळी बघितला. पोरीला शिकवायचं म्हणून त्यांनी भावकीची बोलणी खाल्ली होती. तिची पेटी डोक्यावर घेऊन तिला संगमनेरच्या वसतिगृहात पोचवायला तेच गेले होते. त्यांनी आपला हात उलटा सुलटा करून बघितला. “म्या माझ्या हातानं,” ते म्हणाले आणि ती करंगळी मुठीत दाबून धरली. आता बोलायचीही सोय नव्हती. पोरीच्या बापानं धोंड्याच्या दिवशी जावयाला द्यायचं असतं, त्याच्याकडे मागायचं नसतं. अण्णांनी एकदा, नुसतं एकदा म्हटलं असतं की पैज सोडा, तर गोरक्ष तयारच होता. पण बाप मागेना, आणि न मागता दिलं तर जावयानं सासऱ्याची कीव केली असं झालं असतं. सगळे एकमेकांचा मान राखत पुतळ्यासारखे बसले. त्या मानाखाली पोरीचं वर्ष चेंगरत होतं. आणि मी पाटावर पडून बघत होतो. काय करू शकत होतो?

बोलली विजयमालाच. डोळे पुसून, छबूकाकीकडे वळून.

“काकी, सकाळी पाटावर कुनाला बसवलंत?”

“तुमा दोघास्नी. लक्ष्मी-नारायनाला.”

“दोघास्नी कुनी दुखवायचं न्हाई म्हनालात न्हवं?”

“व्हय, म्हनाले की.”

“मंग नारायनानं दिसभर खेळायचं आन् लक्ष्मीनं हातात फासाबी धरायचा न्हाई, ही कंची रीत? माझा डाव आलाच न्हाई, काकी. दोघांचं डाव झाल्याबिगर ह्या खेळात कुनी जिकत न्हाई.”

छबूकाकीनं तोंडाला पदर लावला. त्या विचारात पडल्या. मी त्यांना विचारात पडलेलं पहिल्यांदा बघितलं. रीत त्यांचीच होती आणि तिचा दुसरा अर्धा भाग त्या स्वतःच विसरल्या होत्या.

“व्हय की गं,” शेवटी त्या म्हणाल्या. “जोडा म्हंजी जोडा. लक्ष्मीला फासा न देता नारायनाला जिकवलं तर पाप मलाच लागंल. जावईबापू, तिचा डाव झाल्याबिगर कुनी जिकलं न्हाई आन् कुनी हरलं न्हाई.”

“पर एस.टी. आली,” साळूबाई म्हणाल्या.

“मंग डाव ऱ्हायला,” छबूकाकी म्हणाल्या. “ऱ्हायला तर ऱ्हायला. पैजबी तितकीच ऱ्हायली.”

गोरक्षनं मोठा श्वास सोडला. तो वाकला, त्यानं मला उचललं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. “ह्यो तांबडा माझ्यापाशी ऱ्हाईल,” तो विजयमालाला म्हणाला. “पांढरं तुझ्यापाशी. डाव मोडल्याला न्हाई, थांबल्याला हाय. शिकून झालं की पुरा करू.” तो रागावला होता की खूश होता, हे मला खिशातून कळलं नाही. पण त्याचं काळीज माझ्या शेजारीच होतं आणि ते जोरात उडत होतं.

असा मी भावांपासून तुटलो आणि शिंगणापूरला गेलो. त्या गावात घरांना दारं नसतात, हे तुम्हाला सांगायला नको. मला मात्र पहिल्या रात्री वाटलं, घर बांधायचं अर्धं राहिलं आहे. गोरक्षची आई, रंगुबाई, चुलीपाशी बसली होती.

“एकलाच आलास? सून कुठं हाय?”

“डाव ऱ्हायलाय,” गोरक्ष म्हणाला.

“कसला डाव?”

“दोन मापटी झाली माझी. तिची बाकी हायती.”

रंगुबाई त्याच्या कपाळाला हात लावून बघू लागली. पुढं वर्षभर शेजारीपाजारी सून कधी आणणार म्हणून विचारत आणि ती माउली सांगे, “डाव ऱ्हायलाय म्हनत्यात.” तिला काही कळत नव्हतं, विचारणाऱ्यालाही कळत नव्हतं, पण सगळे समजल्यासारखं हुंकार भरत.

मी देवळीत पडून असे. ते वर्ष वाईट गेलं, मित्रांनो. तुम्ही लहान होतात, पण तुमच्या घरच्यांना विचारा. आभाळ कोरडं गेलं. गोरक्ष रोज सरकारी कामावर खडी फोडायला जाई. गावात तांबडी मिलो ज्वारी आली. ती माझ्याच देशातून आली होती. रंगुबाई भाकरी थापताना तिला नावं ठेवी आणि मी देवळीत माझा तांबडा रंग लपवायला बघे. संध्याकाळी गोरक्ष मला हातात घेई, खडीनं फाटलेल्या तळव्यावर एकदा फिरवी आणि परत ठेवी. कधी टाकून बघत नसे. एकट्या तांबड्याला अर्थ नसतो, हे त्याला कळलं होतं. दार नाही, कुलूप नाही, पण मला कुणी नेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी विजयमाला आली. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात ते खोकं, आणि मागं पोचवायला आलेले अण्णा. परीक्षा होऊन गेली होती. रंगुबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. सून पाणी प्यायली आणि पदर खोचून म्हणाली, “तांबडा कुठाय?”

पाट मांडला. माझे दोन भाऊ मला भेटले. काय वाटलं ते सांगता येत नाही.

“माझी दोन मापटी?” गोरक्षनं विचारलं.

विजयमाला ओशाळली. “काकींनी दुष्काळात भाजून पोरास्नी वाटलं. तुमच्या सगळ्या धावा वाडीनं खाल्ल्या.”

गोरक्ष हसू लागला. “म्हंजी मलाबी भोपळा?”

“आता बराबरी झाली. टाका.”

त्यानं फासे टाकले. मी चारावर थांबलो. पांढरे सातावर. तेच दान, मित्रांनो, वर्षापूर्वी पहिल्यांदा पडलेलं. अण्णा माझ्याजवळ बसले होते. मी धास्तावलो. पण त्यांनी दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते.

“बाद,” विजयमाला म्हणाली.

गोरक्षनं मांडीवर अशी थाप मारली की शेजारीपाजारी धावत आले. यायला दारं आड नव्हतीच. “बाद झालो!” तो सगळ्यांना सांगत सुटला. “म्या बाद झालो!” लोकांनी अण्णांकडे बघितलं. अण्णाही हसत होते आणि डोळे पुसत होते.

मग तीन गडी रीतीनं बाद होऊन तिचा डाव आला. वर्षभर वाट बघितलेला डाव. तिनं आम्हाला ओंजळीत घेतलं, कपाळाला लावलं आणि टाकलं. मी माझ्याकडून फार प्रयत्न केला, पण फाशाचं मन आणि फाशाची बाजू एक नसते. गोरक्षनं कार्ड बघितलं आणि तो घुटमळला.

“काय झालं?” रंगुबाईनं विचारलं.

“बाद हाय.”

“आरं, नवी सून पहिल्यांदा नांदाय आलीया. एवढ्या लांबून आलीया.” रंगुबाईचा आवाज भलताच मऊ झाला होता. “फासा घरंगळला म्हन. टाकू दे पुन्यांदा.” आणि तिचा हात माझ्याकडे आला.

विजयमालानं माझ्यावर अलगद आपला तळवा ठेवला.

“न्हाई, आत्याबाई. बाद म्हंजी बाद.”

रंगुबाईनं हात मागं घेतला. तिला कळलं नाही. मलाही सगळं कळत नाही. इतक्या मायेनं माणसं एखाद्याला हरवू शकतात, आणि इतक्या सरळपणे बाद करून जवळ घेऊ शकतात, हे माझ्या देशातल्या खोक्यावर कुठंच छापलेलं नव्हतं. पण त्या दिवशी घरातले दोघं संध्याकाळपर्यंत खेळत होते, भांडत होते, एकमेकांना बाद करत होते, आणि एवढा आनंद मी दोन मापटी चिंचोक्यांतही बघितला नव्हता.

यंदा पुन्हा अधिक महिना आला आहे. बाई आणि गोरक्ष सुप्याला जाणार आहेत, आणि छबूकाकीनं नवे चिंचोके वाळवून ठेवल्याचा निरोप आहे. मला थोडी भीती वाटते. माझ्या कडा आता झिजल्या आहेत आणि सहाच्या बाजूचा एक ठिपका पुसट झाला आहे. मला खणात नीट ठेवा, भावांपासून तोडू नका, एवढी माझी विनंती आहे. आणि मला बोटानं पलटवू नका, मित्रांनो, मायेनंसुद्धा नको. समोर बसलेला तुमच्याशी खेळायला आला आहे. त्याचा डाव त्याला द्या, वेळ आली की त्याला बाद करा, आणि तुम्ही बाद झालात की फासे त्याच्या हातात द्या.